पाण्याखालचा सातबारा

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते हे आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना माहीतच नसतं. पत्त्यात 'पुणे' लिहायचं आणि मोकळं व्हायचं. तालुक्याचं ठिकाण पौड, आणि पौडच्या पुढे ते धरण, जिथे आपण पावसाळ्यात कणीस खायला आणि फोटो काढायला जातो. एकाच तालुक्याच्या एका टोकाला जगभरच्या कंपन्यांचा डेटा सांभाळणारे लोक, आणि दुसऱ्या टोकाला आपण मुळात कुठले हे कागदावर दाखवता न येणारे लोक!

आमच्या ऑफिसबसचे ड्रायव्हर त्या दुसऱ्या टोकाचे. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गप्पांना वेळ भरपूर मिळतो. एकदा म्हणाले, "साहेब, तुम्ही कंप्युटरवाले. माझ्या आज्याची जमीन कुठं होती, तेवढं काढून द्या की. तात्या हायेत तवर."

तात्या म्हणजे त्यांचे वडील, ऐंशी पार केलेले. तात्यांचे वडील बुडालेल्या गावात जन्मले.

आता सातबारा घरबसल्या मिळतो, १ मे २०१८ पासून तर डिजिटल सहीचाही. पण सातबारा म्हणजे आजचा फोटो. जमीन आज कोणाच्या नावावर आहे, एवढंच तो सांगतो. ती त्याच्याकडे कशी आली हे फेरफारात, म्हणजे गाव नमुना सहामध्ये. आणि शंभर वर्षं मागं जायचं तर भूसंपादनाचा निवाडा आणि गावचं जुनं दप्तर. ते दप्तर बहुतेक मोडीत. गंमत बघा, ज्या लिपीत आपली शेकडो वर्षांची शेतं लिहिली गेली, ती लिपी युनिकोडमध्ये आली २०१४ साली. तोवर कंप्युटरच्या लेखी मोडी नावाची काही चीजच नव्हती.

पण खरी अडचण लिपीची नाही. ती कळायला मुळशी सत्याग्रहाकडे जावं लागतं.

शाळेत आपण दोन ओळी शिकतो. टाटांचं धरण, १६ एप्रिल १९२१ ला रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह, सेनापती बापट. पुढे १९२४ पर्यंत लढा चालला, मोडला, आणि पन्नासेक गावं गेली. त्यांच्या पाण्यावर भिऱ्याला वीज तयार झाली आणि ती मुंबईला गेली. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावर सविस्तर पुस्तक लिहिलं आहे. त्यात शाळेत न शिकवलेली एक गोष्ट आहे. इथल्या बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्यातल्या सावकारांच्या होत्या. मावळे त्या कसत होते, पण कूळ म्हणून. सावकारांना नुकसानभरपाई पटली. कसणाऱ्याला ती पटो न पटो, कागद त्याच्या नावावर नव्हता. कूळकायदा आला १९४८ मध्ये, कसेल त्याची जमीन हे अंमलात आलं १ एप्रिल १९५७ ला. तोवर यांच्या शेतांवर तीस वर्षं पाणी उभं होतं. जे शेत पाण्यात आहे त्याचं कूळ कसं लागणार?

म्हणजे समजा उद्या सगळं दप्तर स्कॅन झालं, मोडी वाचणारं सॉफ्टवेअरही आलं, आणि मी ड्रायव्हरसाहेबांना तो कागद मोबाईलवर दाखवला, तर त्यावर नाव कदाचित सावकाराचंच निघेल. कंप्युटर फार इमानदार प्राणी आहे. अन्याय जसा लिहिला असेल तसाच तो जपून ठेवतो, वर शोधायची सोयही करून देतो.

निर्वासितांसाठी तंत्रज्ञान हा विषय निघाला की मला म्हणूनच थोडं अस्वस्थ व्हायला होतं. जॉर्डनमधल्या झातारी छावणीत २०१६ मध्ये सीरियन बाई दुकानात गेली की डोळ्याची बुबुळं दाखवून रेशन घेऊ लागली, कार्ड नको, पैसे नकोत. सोय आहे, नाही कोण म्हणतं? पण ते यंत्र तिला 'छावणीतली अमुक' म्हणून ओळखतं. सीरियातलं तिचं घर कुठल्या गल्लीत होतं, हा त्याचा प्रश्नच नाही. युक्रेनचं उलट झालं. २०२२ मध्ये लोक सीमा ओलांडून गेले तेव्हा त्यांची ओळखपत्रं फोनमधल्या 'दिया' ॲपमध्ये होती, कारण ती नोंद युद्धाच्या आधीच तयार होती. आमच्या मुळशीकरांना तर निर्वासित म्हणायचीही सोय नाही. त्यांनी कुठली सीमा ओलांडली? डोंगर चढून वर जाऊन बसले, बस्स. त्यांना आपण धरणग्रस्त म्हणतो. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये आला, म्हणजे यांच्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी.

तर मग करायचं काय? उत्तर मला अगदी भलत्या ठिकाणी मिळालं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि अख्खा महाराष्ट्र जुन्या कपाटांत शिरला. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या वेबसाइटवर चढल्या. आरक्षणाच्या वादात इथे शिरत नाही, तो वेगळा विषय. मला महत्त्वाचं वाटलं ते हे, की तेव्हा सातबाराखेरीज कुठली कागदं उपयोगी पडली. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा, जन्ममृत्यूची नोंद. आणि शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. कोतवाल जन्म लिहिताना बापाच्या नावावर जमीन आहे का, हे विचारत नसे. कुळाचं पोर, मजुराचं पोर, सगळी तिथे सापडतात. सरकारने मनावर घेतलं तर हे काही महिन्यांत होतं, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे.

सरकार मुळशीसाठी मनावर घेईल तेव्हा घेईल. आम्ही गेले काही रविवार एवढंच करतोय. क्यूजीआयएस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर बसवता येतो. नदी, खिंड, डोंगराचं टोक अशा न हललेल्या खुणा जुळवायच्या की बाकीचा कागद आपोआप जागेवर येतो. लॅपटॉप तात्यांपुढे ठेवला. त्यांनी ते गाव कधी पाहिलेलं नाही, पण वडिलांकडून ऐकलेलं तोंडपाठ. निळ्या पाण्यावर बोट ठेवून म्हणाले, "हितं वढा. वढ्याच्या अल्याड आमचं खळं, पल्याड चुलत्यांचं." त्यांची सून आतून म्हणाली, "मामंजी, मागल्या खेपेला उलटं सांगितलं होतं." दोन्ही लिहून ठेवलं. घराघरातून अशा वंशावळी घेतोय, नावापुढे कोणी सांगितलं तेही टाकतोय.

गावातल्या एका तरुणाने मात्र सरळ विचारलं, "ही यादी कुणाला देणार?" प्रश्न बरोबर होता. रोहिंग्यांची माहिती छावणीत गोळा झाली आणि ज्या म्यानमारमधून ते जीव घेऊन पळाले त्याच सरकारपर्यंत पोचली, असं ह्यूमन राइट्स वॉचने २०२१ मध्ये मांडलं. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचं म्हणणं, संमती घेतली होती. इथे मामला तेवढा भयंकर नाही. पण जमिनीचे भाव पाहता, कोणाचा कुठे दावा निघू शकतो याची आयती यादी घेणारे दलाल पौडच्या रस्त्यावर पुष्कळ आहेत. म्हणून ठरलं की इंटरनेटवर काही चढवायचं नाही. दोन पेनड्राइव्ह, एक ड्रायव्हरसाहेबांच्या घरी, एक त्या तरुणाकडे. माझ्या लॅपटॉपवर फक्त नकाशा.

पुढच्या रविवारी शाळेत जायचं आहे. जुनं रजिस्टर कपाटात आहे म्हणतात, पण मुख्याध्यापकांना ग्रामपंचायतीचं पत्र हवंय. पत्र लिहून झालंय, सरपंचांची सही राहिली आहे.