पनवेल जंक्शन, ८७ पटींनी लहान

पनवेलला लोक उतरतात ते बहुतेक वेळा दुसरं काहीतरी पकडायला. लोकलमधून उतरून एसटी, एसटीतून उतरून कोकणातली गाडी, नाहीतर सरळ कळंबोलीला जाऊन एक्स्प्रेस वेवरची पुण्याची बस. स्टेशन म्हणून पनवेलकडे कुणी बघत नाही. गणपतीच्या दिवसांत तर बघायला उभं राहण्याइतकीही जागा नसते!

पण एखाद्या शनिवारी मुद्दाम पादचारी पुलावर दहा मिनिटं थांबून बघा. एका बाजूला सीएसएमटीकडून ४९ किलोमीटर धावून आलेली हार्बर लोकल दमून उभी असते. एक लाइन दिव्याकडे जाते, एक कर्जतकडे घाटाच्या पायथ्याशी, एक रोह्याकडे म्हणजेच थेट कोकणात. जेएनपीटीच्या कंटेनरगाड्या वेगळ्याच. पूर्वेला माथेरान-प्रबळगडाची रांग. १९६४ मध्ये दिव्याहून आलेल्या लाइनमुळे हे गाव रेल्वेच्या नकाशावर आलं, १९८६ पर्यंत रूळ रोह्याला पोचले आणि १९९८ हे पनवेलचं खरं वर्ष ठरलं. हार्बर लोकलही त्याच वर्षी आली आणि कोकण रेल्वेही त्याच वर्षी सलग सुरू झाली.

आता हे सगळं, म्हणजे रूळ, फलाट, वायरी, डोंगर, वडापाववाल्यासकट, दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये बसवायचं असं कुणी ठरवलं तर? असे लोक आहेत. न्यू पनवेलमधला आमचा एक मित्र त्यातलाच. दिवसा ऐरोलीत आयटी, रात्री घरी रेल्वे खातं. नाव छापू नको म्हणालाय, कारण सासरी अजून माहीत नाही.

मॉडेल रेल्वे या छंदाबद्दल बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, किती रिलॅक्सिंग! ऑफिसातून आलं, स्विच दाबला, गाडी फिरली, स्ट्रेस गेला. प्रत्यक्षात स्विच दाबल्यावर गाडी फिरत नाही. हाच या छंदाचा पहिला अनुभव असतो, आणि बराच काळ तोच एकमेव असतो.

सुरुवात रुळापासूनच होते. जगात सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे एचओ, खऱ्याच्या १/८७. या मापाच्या रुळांची रुंदी असते १६.५ मिलिमीटर. त्याला ८७ ने गुणा: १४३५ मिलिमीटर, म्हणजे युरोप-अमेरिकेचा स्टँडर्ड गेज. आपला ब्रॉडगेज आहे १६७६ चा. म्हणजे हिशेबाने रूळ हवेत सव्वाएकोणीस मिलिमीटरचे, आणि ते दुकानात मिळत नाहीत. पावणेतीन मिलिमीटरने काय फरक पडतो, असं तुम्ही म्हणाल. फोटो काढून बघा. आपला ऐसपैस डबा त्या अरुंद रुळांवर ठेवला की लग्नातल्या जाडजूड काकांना शाळेच्या बाकावर बसवल्यासारखा दिसतो.

बरं, मग पनवेल सोडून शेजारची माथेरानची मिनी ट्रेन करू म्हणावं, तर तिचा गेज दोन फुटांचा. त्याच मापात तो होतो सात मिलिमीटर, आणि बाजारात सहज मिळतो तो नऊचा. मोठी गाडी करायला घ्या, रूळ अरुंद. छोटी करायला घ्या, रूळ रुंद! स्वतः रूळ बनवणारे शूर लोक असतात, पण ते एका सांध्यावर तीन महिने घालवतात. आणि मग त्या सांध्यावर गाडी घसरते.

पुढचा प्रश्न लांबीचा. एलएचबी डबा खऱ्यात चोवीस मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये साडेसत्तावीस सेंटिमीटर. बावीस डबे आणि इंजिन जोडलं की गाडी होते जवळपास एकवीस फूट. बेडरूमची लांब बाजू बारा फूट! म्हणून घरोघरच्या मांडवी एक्स्प्रेस पाच डब्यांच्या असतात आणि मालक म्हणतात, ‘उरलेली बोगद्यात आहे असं समजा.’ वळणाचं दुखणं तर याहून मोठं. आपल्याकडे ब्रॉडगेजला जास्तीत जास्त दहा अंशांचं वळण चालतं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्या. ८७ ने भागलं तरी दोन मीटर. नुसता यू-टर्न घ्यायचा तर तेरा फूट रुंदी हवी. सेटमध्ये येणारी वळणं असतात जेमतेम ३६ ते ४५ सेंटिमीटर त्रिज्येची. खऱ्या मापात सांगायचं तर ज्या वळणावर रिक्षावालासुद्धा ब्रेक मारेल तिथून राजधानी काढायची. डब्याची मधली बाजू आत झुकते आणि फलाटावरच्या प्रवाशांना झोपवून जाते.

प्रवासी, अर्थात, जर्मन. दोन सेंटिमीटर उंचीची ही माणसं ओव्हरकोट आणि हॅट घालून येतात. मे महिन्यात, पनवेलच्या फलाटावर! मित्राने भिंगाखाली बसून, सुईच्या टोकावर रंग घेऊन एका जर्मन आजींना नऊवारी नेसवली. तीन रात्री गेल्या. लांबून छान दिसतात. जवळून बघितलं तर आजींच्या हातात अजून हँडबॅग आणि छत्री आहे. छत्री चालते म्हणा, जुलै समजायचा.

जुलैचं नाव काढलं आणि खरं दुखणं निघालं. पनवेलमध्ये रेल्वे मॉडेल करणं म्हणजे हवामानाशी संसार करणं. चार महिने हवेत पाणी, उरलेले आठ महिने धूळ. एवढी बांधकामं चालू असलेल्या गावात धूळ नसेल तर कुठे असेल? मॉडेलचं इंजिन वीज घेतं रुळातून, चाकांमार्फत. रूळ आणि चाक यांच्यामध्ये धुळीचा पापुद्रा आला की संपलं. गाडी अडखळते, दिवे लुकलुकतात, मग बोटाने ढकलावी लागते. पावसाळ्यात रुळांवर काळपट थर चढतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसायचा. पंधरा दिवस गाडी चालवली नाही की पुन्हा पहिल्यापासून. प्लायवूड पाणी पिऊन फुगतं आणि मे महिन्यात सरळ असलेला ट्रॅक ऑगस्टमध्ये कोकणातल्या रस्त्यासारखा होतो. खडी चिकटवायला पाणी घातलेला फेव्हिकॉल वापरतात. तो डिसेंबरात एका रात्रीत वाळतो, जुलैत चार दिवस ओलाच. आणि त्यातला एक थेंब, अगदी एकच, हमखास सांध्याच्या हलत्या पात्यात जाऊन बसतो.

सगळ्यात अस्सल पनवेली वैताग मात्र मातीचा. परदेशी कंपन्यांचं गवत इतकं हिरवंगार असतं की क्रिकेटचं ग्राउंड वाटावं, आणि त्यांची झाडं सूचिपर्णी. म्हणून आपले लोक आपलंच सामान वापरतात. चहाचा वाळवलेला चोथा, रंगवलेला लाकडाचा भुसा, आणि कर्नाळ्याच्या रस्त्याकडेची खरीखुरी माती, चाळून आणि तव्यावर भाजून. रंग अगदी हुबेहूब येतो. पण ही सह्याद्रीची, काळ्या बेसाल्टची माती. तिच्यात मॅग्नेटाइट असतं, म्हणजे चुंबकाला चिकटणारे लोखंडी कण. आणि इंजिनाच्या मोटरमध्ये असतं चुंबक! गाडी त्या देखण्या निसर्गातून दोन फेऱ्या मारते आणि अख्खा निसर्ग पोटात ओढून घेते. मोटर घरघरते आणि बसते. माती पसरण्याआधी तिच्यावरून स्पीकरचं जुनं चुंबक फिरवा, ही या लेखातली सर्वात उपयोगी टीप. कात्रण करून ठेवा.

मोटर बसली की नवी कुठून आणायची? वायर, एलईडी, सर्किटचं सामान लॅमिंग्टन रोडवर मिळतं आणि तो शनिवार मजेत जातो. पण इंजिनाचा गिअर किंवा नखाएवढं कपलिंग बाहेरूनच मागवावं लागतं. इथे सरकारची भेट होते. स्केल मॉडेल कस्टम्सच्या लेखी खेळण्यांच्याच प्रकरणात मोडतात. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. खेळण्यांचा देशी धंदा वाढावा म्हणून हे केलं, ते ठीकच. पण एवढ्याशा जर्मन गिअरशी स्पर्धा करणारा देशी गिअर निघेपर्यंत आमच्या मित्राचं इंजिन शोकेसमध्ये उभं आहे. आणि एवढं करून आलेलं कपलिंग बसवताना त्याची स्प्रिंग ‘टिंग’ असा आवाज करून उडते. ती कधीही, कुणालाही, कुठल्याही खोलीत सापडलेली नाही.

घरच्या माणसांचा त्रास वेगळा धरायला हवा. कामाला येणाऱ्या मावशी मनापासून विचारतात, ‘दादा, हे खेळणं उचलू का? खाली झाडायचंय.’ दादा जागेवर नसले तर विचारत नाहीत. मग ओल्या फडक्याने अख्खं पनवेल यार्ड लख्ख पुसलेलं असतं, सिग्नल डस्टबिनमध्ये. पाहुणे विचारतात, ‘मुलासाठी घेतलंस का रे?’ मूल नसलं की प्रश्न आणखी अवघड होतो. त्यात भाड्याचा फ्लॅट असेल तर भिंतीला खिळा मारायचा नाही आणि अकरा महिन्यांनी रेल्वेसकट बदली. म्हणून लेआउट टेबलाएवढ्या तुकड्यांत करतात. तुकडे सुटतात छान. पुन्हा जुळताना दोन रुळांत केसाएवढा फरक राहतो, आणि गाडीला तेवढा पुरतो.

वैतागून सोडून द्यावंसं वाटलं की हे लोक पुण्याला जाऊन येतात. कोथरूडला, कर्वे रस्त्याजवळ, जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं, १ एप्रिल १९९८ ला लोकांसाठी खुलं झालेलं. पुन्हा तेच १९९८! एका हॉलमध्ये अख्खं छोटं शहर आहे: सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस, डोंगरावर चढणारी गाडी, आणि अंधार झाल्यावर लागणारे दिवे. सगळं एका वेळी चालतं. बाकीचे प्रेक्षक गाड्या बघतात, छंदवाले टेबलाखाली वाकून वायरिंग बघायला मिळतं का ते शोधतात. परतीच्या बसमध्ये कुणी फारसं बोलत नाही. मग लोणावळा गेल्यावर एक जण म्हणतो, ‘आपण कंट्रोल पॅनल पुन्हा करूया.’

पनवेल करणाऱ्याचा खास प्रॉब्लेम पुण्याच्या जोशींना नव्हता. त्यांचं शहर काल्पनिक होतं, ते कुणी न विचारता बदलत नव्हतं. पनवेल बदलतं. आमच्या मित्राने फलाटावर पावलं मोजून, रात्री टेप लावून यार्डाचा नकाशा काढला (‘टेंडर निघालंय का साहेब?’ असं किमान चार जणांनी विचारलं). नकाशा पूर्ण झाला आणि २०२३ च्या सप्टेंबरअखेर मालगाड्यांच्या स्वतंत्र कॉरिडॉरसाठी ३८ तासांचा ब्लॉक घेऊन रेल्वेने यार्डच बदललं. सहा महिन्यांचं काम दोन दिवसांत जुनं. त्याआधी २०१६ मध्ये हार्बरची वीज १५०० व्होल्ट डीसीवरून २५ हजार व्होल्ट एसीवर गेली. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं आणि पहाटे धूर सोडत कोकणात निघणारं डिझेल इंजिन नेहमीच्या गाड्यांवरून गेलं. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटनही झालं. ज्या मुलांनी लहानपणी आजोळी जाताना या फलाटावर पहाटे डिझेलचा वास घेतला, त्यांना आज ते स्टेशन कुणाला दाखवायचं असेल तर दाखवायला उरलेलं नाही. फोटो आहेत, पण फोटोत गाडी सुटत नाही.

म्हणून शेवटी वर्ष ठरवावं लागतं. यावर मित्राच्या घरी खूप वाद झाले. बायकोला वंदे भारत हवी होती, दिसते छान. वडिलांना फक्त दिवा-रोहा पॅसेंजरचे दिवस. ठरलं १९९८. म्हणजे ओव्हरहेड वायर फक्त लोकलच्या बाजूला, कोकणाकडे मोकळं आकाश, मागे पडद्यावर रंगवलेल्या उलव्याच्या टेकड्या, न कापलेल्या. वडिलांनी आठवून आठवून सांगितलं की नळ कुठे होता आणि पेपरवाला कुठे बसायचा. बरोबर सांगितलं का, ते तपासायला आता काहीच नाही, म्हणून त्यांचं म्हणणं फायनल.

सध्या काम अडलंय फलाटावरच्या घड्याळापाशी. मिळतंय ते चार मिलिमीटरचं आणि दिव्यासकट, पण तबकडीवर म्युनिकचं नाव आहे. खरवडायचं की वडिलांना सांगायचंच नाही, यावर रविवारी मीटिंग आहे.