ट्रूप बाजार आणि दोन सागवानी पल्ले

हैदराबादच्या आपल्या मंडळींना कोठीचा परिसर नव्याने सांगायला नको. जांबागेतली १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी, इसामिया बाजारातलं मराठी ग्रंथ संग्रहालय, बडी चावडीची साड्यांची दुकानं, गुजराती गल्लीतले इलेक्ट्रिकचे गाळे. आपल्यापैकी अनेकांचं बालपण याच गल्ल्यांत गेलं. पण इथून पाच-दहा मिनिटांवरच्या ट्रूप बाजारात आपण जातो ते घर बांधताना किंवा दुरुस्त करतानाच. नळ, फरशा, दिवे, कड्या, कोयंडे, बिजागऱ्या असं घराला लागणारं सगळं तिथे मिळतं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स किर्कपॅट्रिकने इथे ब्रिटिश रेसिडेन्सीची भव्य कोठी बांधली आणि तिच्या आसपास रेसिडेन्सी बाजार वाढला. १९३३ मध्ये हा भाग पुन्हा निजामाकडे आला आणि सुलतान बाजार म्हणून ओळखला जाऊ लागला. आता मेट्रोची हिरवी मार्गिका थेट सुलतान बाजार स्थानकात उतरवते. आम्ही सिकंदराबादकडून तशाच गेलो. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या सासूबाई. सोबत पिशवीत एक कागद, त्यावर पाच आकडे.

कारण सांगते. जांबागेतलं आमचं जुनं घर सोडताना भिंतीतल्या कपाटाचे दोन सागवानी पल्ले आईंनी आग्रहाने काढून आणले होते. त्यांच्या सासऱ्यांनी ते करून घेतलेले. नव्या फ्लॅटमध्ये ते लावायला जागा एकच होती, ओट्यावरच्या कपाटांना. पल्ले आडवे करायचे, बिजागऱ्या वर, म्हणजे दार खालून वर उघडणार. सुतारदादा स्पष्ट म्हणाले, "वहिनी, हलकं प्लायचं दार करू. हे डोक्यात पडलं तर?" त्यांचं म्हणणं खरंच होतं. दुपारी घरात आई एकट्या असतात, वय ७६, उजवा खांदा आखडलेला. दार धरून ठेवणारं भरवशाचं काही मिळालं नाही, तर पल्ले विकून टाकायचे, असं घरात ठरलं होतं. आई त्यावर काही बोलल्या नव्हत्या.

म्हणून जायच्या आधी मोजमाप केलं. पल्ल्याची उंची ५० सेंटिमीटर, रुंदी ९५, वजन प्रत्येकी ९ किलो (आधी स्वतः वजनकाट्यावर उभं राहायचं, मग पल्ला घेऊन उभं राहायचं आणि वजाबाकी करायची). जमिनीपासून बिजागरीची उंची १९० सेंटिमीटर. आणि पाचवा आकडा आईंचा. त्यांना भिंतीपाशी उभं करून डावा हात सहज कुठवर जातो तिथे पेन्सिलीने खूण केली : १८० सेंटिमीटर.

ट्रूप बाजारात तिसऱ्या दुकानात एक वयस्क भाई भेटले. कागद पाहून त्यांनी आधी आईंना स्टूल दिलं. काउंटरवर पंपांची रांग होती. आपण ज्याला गॅस पंप म्हणतो, ती दाबाखाली नायट्रोजन भरलेली नळी असते. तिच्यावर न्यूटनमध्ये जोर छापलेला असतो : ६०, ८०, १००, १२०, १५०. ढोबळमानाने १० न्यूटन म्हणजे १ किलोचा जोर.

मी म्हटलं, नऊ किलोच्या दाराला १०० न्यूटनचा एक पंप पुरेल ना? भाई हसले आणि पट्टी घेऊन हिशेब मांडू लागले. दार आडवं उघडलं की त्याचं वजन मधोमध, म्हणजे बिजागरीपासून २५ सेंटिमीटरवर ओढतं. ९ गुणिले २५, झाले २२५. पंप मात्र बिजागरीच्या अगदी जवळून, समजा ८ सेंटिमीटरवरून ढकलतो. २२५ भागिले ८, म्हणजे सुमारे २८ किलो. दोन बाजूंच्या दोन पंपांत वाटले तर प्रत्येकी १४ किलो, म्हणजे १४० न्यूटन. १५० ची जोडी हवी! नऊ किलोच्या दाराला एवढा जोर का लागतो, हे मला त्या पट्टीवर समजलं.

पण त्यांनी लगेच पंप पुढे केले नाहीत. "अम्मा, दरवाजा भारी है बोलके पंप भारी नक्को लेओ," ते आईंना म्हणाले. "खुलेगा, हौ. बंद कौन करेगा?"

'नक्को' ऐकून आई खुलल्या. आपलंच 'नको' दखनीत राहायला आलेलं.

भाईंचा प्रश्न खरा होता. गॅस पंप दाराला थोडं उचललं की पुढे स्वतःच वर नेतो आणि वरच्या टोकाला धरून ठेवतो, मध्ये कुठे थांबत नाही. दार काटकोनाच्याही पुढे गेलं की त्याची कड १९० च्या वर. आईंचा हात पोचतो १८० पर्यंत. म्हणजे दार उघडेल, डोक्यात पडणारही नाही, पण संध्याकाळी कोणी घरी येईपर्यंत उघडंच राहील.

दुसरा पर्याय घडीच्या लिफ्टचा. त्यात दार मधोमध दुमडतं, म्हणून कड खूप वर जात नाही. पण त्यासाठी पल्ला कापावा लागतो. आईंनी नुसती मान हलवली.

तिसरा पर्याय 'फ्री स्टॉप' लिफ्टचा. कपाटाच्या दोन्ही बाजूंना आतून स्प्रिंगची पेटी बसते, स्क्रूने जोर कमी-जास्त करता येतो आणि दार सोडाल तिथे थांबतं. ही निवडायची रीत वेगळी. ऑस्ट्रियाच्या ब्लुम कंपनीच्या तक्त्यात, उदाहरणार्थ, कपाटाची उंची मिलिमीटरमध्ये आणि दाराचं वजन किलोमध्ये यांचा गुणाकार करतात. त्यात मुठीचं वजन दुप्पट धरायचं, कारण मूठ अगदी कडेला असते. आमची पितळी मूठ पाव किलोची. ९ अधिक अर्धा, साडेनऊ. गुणिले ५००, झाले ४७५०. हा आकडा ज्या लिफ्टच्या पट्ट्यात बसेल ती घ्यायची. प्रत्येक कंपनीचा तक्ता निराळा असतो, म्हणून ज्याची लिफ्ट त्याचाच तक्ता पाहायचा.

किंमत पंपांच्या जोडीच्या कित्येक पट. मी घुटमळले. भाईंनी कोन मर्यादित करणारा छोटा तुकडा दाखवला. दार ७५ अंशांवर थांबवलं तर कड १७७ सेंटिमीटरवर येते. आईंच्या हाताच्या टप्प्यात, आणि १७२ सेंटिमीटर उंचीच्या माझ्या नवऱ्याच्या डोक्याच्या वर! नमुन्याच्या दारावर आईंनी डाव्या हाताने तीनदा उघड-मीट केली आणि मला म्हणाल्या, "घे. माझ्या औषधांचा हिशेब मी बघते."

मग मोअज्जम जाही मार्केटपर्यंत रिक्षा केली. १९३५ सालच्या त्या दगडी बाजाराच्या सावलीत सीताफळाचं आइस्क्रीम खाल्लं. पिशवी आईंनी मांडीवरून खाली ठेवली नाही.

आपल्यापैकी कोणी असं काम काढणार असेल तर आणखी चार गोष्टी. कपाटाच्या बाजूच्या फळ्या भुसभुशीत झाल्या असतील तर आधी त्या बदला, कारण सगळा जोर तिथल्या स्क्रूवर येतो. गॅस पंपच लावणार असाल तर दार बंद असताना दांडी खाली येईल असा लावा, आतलं तेल सीलवर राहतं आणि पंप टिकतो. जुना पंप ढिला पडला तर जोडीने बदला. आणि तो कधीही भोसकू किंवा तापवू नका, आत दाब असतो.

सुतारदादांनी दोन दिवसांत पल्ले बसवले. स्क्रू फिरवून फिरवून जोर जुळवायला अर्धा तास गेला. आता आतल्या डब्यांची जागा आई ठरवतात. मेतकूट डावीकडे, गोडा मसाला उजवीकडे. परवा ऑफिसमधून आले तर एक पल्ला अर्धवट उघडा, हवेत स्थिर उभा होता. खाली आई फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, "अगं, मामंजींचंच दार. उघडते मी, एका हातानं."