मिसिंग

लाखांदुरात जुन्या गाडीचं बॉनेट उघडायचा अवकाश, धानाच्या बांध्या सोडून माणसं निदानाला हजर! आमची पद्मिनी मूळची इटलीची फियाट ११००, कुर्ल्याच्या कारखान्यात वाढलेली. तिच्या टॅक्सीतल्या बहिणी मुंबईत २०२३ साली निवृत्त झाल्या. ही मात्र अजून नोकरीत आहे. फक्त हल्ली उभ्या जागी थरथरते.

"पेट्रोलात कचरा हाये," एक म्हणाला. "पॉइंट जळले असन," दुसरा. तिसऱ्यानं आत डोकावण्याचे कष्टही घेतले नाहीत. "इकून टाका ना भाऊ!"

मिस्त्री मात्र अबोल. इंजिन चालू ठेवून त्यानं प्लगच्या चार वायरी एकेक करून काढून पाहिल्या. पहिली काढली, इंजिन अडखळलं. दुसरी काढली, बंदच पडायला आलं. तिसरी काढली, आवाजात काडीचा फरक नाही! "हाच कामचोर," तो म्हणाला. ज्याच्या जाण्यानं काही बिघडत नाही, बिघाड त्याच्यातच. प्लग काळाकुट्ट निघाला. घासला, फट नीट केली, गाडी शहाण्यासारखी चालू लागली.

मी मात्र हादरलो. रिटायर माणसाची वायर कुणी काढून पाहिली तर? संध्याकाळी सहज म्हणालो, "चार दिवस वडशाला जाऊन येतो म्हणतो."

"जा ना," सौभाग्यवती म्हणाल्या, "पण दळण आणून ठेवा, सिलिंडरचा नंबर लावा, नातवाचं गणित बघा... आणि चार दिवस कशाला?"

इंजिन अडखळलं! मी वडशाला गेलोच नाही.