वुल्व्हरहॅम्प्टनमधले तीन महिने

इंग्लंड म्हटले की आपल्याला लंडनच आठवते. पण लंडनच्या वायव्येला, बर्मिंगहॅमच्या पलीकडे, वुल्व्हरहॅम्प्टन नावाचे कामगारांचे शहर आहे. कोळसा, लोखंड, कुलुपे आणि सायकली यांवर ते वाढले. या भागाला 'ब्लॅक कंट्री' म्हणजे धुराने काळवंडलेला मुलूख म्हणतात. तो धूर आता नाही. विटांची घरे मात्र अजून एकमेकांना चिकटून रांगेने उभी आहेत. १९५०-६० च्या दशकांत पंजाबातले मजूर इथल्या फाउंड्रीत कामाला आले. त्यांत आंबेडकरी विचारांची माणसेही होती आणि त्यांनी उभारलेला बुद्ध विहार आजही शहरात आहे. याच शहराचा खासदार ईनॉक पॉवेल. त्याने २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅममध्ये भाषण करून बाहेरून येणाऱ्यांना रोखा, आलेल्यांना परत जायला लावा, असे सांगितले. त्याच काळात शीख बसचालकांना पगडी घालून काम करण्यास बंदी होती. ती बंदी मोठ्या झगड्यानंतर एप्रिल १९६९ मध्ये उठली. कोणी राहावे आणि कोणी जावे, हा वाद या गावाला नवा नाही.

मी नागपूरचा, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला फिटर. थोरली लेक नर्स आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती आणि जावई नोकरीच्या व्हिसावर या शहरात गेले. चारच महिन्यांत करोना आला. त्या दिवसांत तिने वॉर्डात काय पाहिले ते ती अजून नीट सांगत नाही. मी ऑक्टोबर २०२४ मध्ये पाहुण्याच्या व्हिसावर तिच्याकडे गेलो.

तिची पाच वर्षे तेव्हा भरत आली होती. त्या वेळच्या नियमाप्रमाणे अशी पाच वर्षे भरली की कायम राहण्यासाठी अर्ज करता येत होता. त्या परवानगीचे नाव 'इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन'. आम्हा रेल्वेवाल्यांना लीव्ह म्हणजे रजा एवढेच ठाऊक. मी म्हटले, "बाई, ही कसली बिनमुदतीची रजा?" ती हसून म्हणाली, "रजा नाही बाबा, राहायची परवानगी. पण ती मिळेपर्यंत माझ्या सगळ्या रजा बंद."

अर्जासाठी तिने एक वही ठेवली होती. पाच वर्षांत देशाबाहेर किती दिवस काढले, कधी गेलो, कधी आलो, सगळे त्यात लिहिलेले. कोणत्याही बारा महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलेले चालत नाही. शिवाय इंग्लंडच्या इतिहासाची आणि रीतिरिवाजांची परीक्षा : ४५ मिनिटांत २४ प्रश्न, त्यांतले १८ बरोबर यायलाच हवेत. रात्रपाळी करून आलेली पोरगी स्वयंपाकघरात उभ्याने राजेराण्यांची नावे पाठ करी. आणि फी? माणशी २,८८५ पौंड, तेव्हाच्या भावाने तीन लाख रुपयांच्या वर. दोघांचे मिळून ५,७७० पौंड झाले. अर्ज टाकताना माणशी आणखी हजार पौंड भरले तर बहुधा दुसऱ्या कामाच्या दिवशी निकाल मिळतो. नाही भरले तर सहा महिन्यांपर्यंत थांबायचे. नागपूरच्या घराचे कर्ज डोक्यावर होते, म्हणून त्यांनी थांबायचे ठरवले. घाईसुद्धा तिकडे विकत मिळते!

पाच वर्षे पुरी होण्याच्या आधी २८ दिवसांपर्यंत अर्ज टाकता येतो. त्यांनी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाकला. मग बर्मिंगहॅमला जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो दिले. जुना व्हिसा नोव्हेंबरअखेर संपला. पण अर्ज वेळेत केलेला असला की निकाल लागेपर्यंत जुन्याच अटींवर राहता येते, नोकरीही करता येते. तशी सोय त्यांच्या १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यात आहे.

आता खरी गोम ऐका. पासपोर्ट आपल्याच हातात राहतो. तो कोणी काढून घेत नाही, त्यावर 'जाऊ नये' असा शिक्काही मारत नाही. पण निकालाआधी माणूस देशाबाहेर गेला की अर्ज मागे घेतला असे धरले जाते. भरलेले पैसे बुडतात. जुना व्हिसा संपलेला असेल तर परत येण्याचा हक्कही जातो आणि सगळे नव्याने सुरू करावे लागते. मोकळीक आहे ती फक्त ब्रिटन, आयर्लंड, आइल ऑफ मॅन आणि चॅनेल बेटांपुरती. आणि आयर्लंडला जायचे तर भारतीय माणसाला त्या देशाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

म्हणून त्या हिवाळ्यात सुट्टी मिळेल तेव्हा आम्ही त्या कुंपणाच्या आतच फिरलो. आगगाडीने लंडनला गेलो. चॉक फार्म स्टेशनवरून चालत किंग हेन्रीज रोडवर गेलो. तिथले दहा नंबरचे घर १९२१-२२ मधले बाबासाहेबांचे राहण्याचे ठिकाण. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये घेतले. भिंतीवरच्या निळ्या पाटीसमोर उभे राहून लेकीने मला १९१७ ची गोष्ट सांगितली. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे बाबासाहेबांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पण निघण्यापूर्वी चार वर्षांच्या आत येऊन तो पुढे चालू करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवली आणि १९२० मध्ये ते परत आले. "जायच्या आधी परत यायचं नक्की करून ठेवलं, बाबा," ती म्हणाली.

दुसऱ्या खेपेला होलीहेडला गेलो. वुल्व्हरहॅम्प्टनहून गाडी श्रूजबरी, चेस्टर करत वेल्सच्या उत्तर किनाऱ्याने जाते. उजवीकडे समुद्र, कॉनवीला किल्ल्याच्या भिंतीला लागूनच रूळ, आणि शेवटी पुलावरून अँगलसी बेट. होलीहेड म्हणजे रुळांचे टोक. तिथून डब्लिनची बोट सुटते. नोव्हेंबरात चार वाजताच अंधारून येते. आम्ही वाऱ्यात उभे राहून बोटीचे दिवे लांब जाताना पाहिले आणि परतीची गाडी धरली.

जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात पहाटे नागपूरहून फोन आला. माझी आई गेली. वय नव्वदीच्या घरात होते. आमची दोघांची ड्युटी असताना लेकीला लहानाची मोठी केली ती तिनेच.

मी पाहुणा. मला कोणाला विचारायचे कारण नव्हते. संध्याकाळी बर्मिंगहॅमहून दिल्लीमार्गे निघालो. जिने पाच वर्षे त्या देशाच्या रोग्यांची सेवा केली, तिचा पाय मात्र दारातच अडला. इस्पितळाने रजा तत्काळ मंजूर केली, पण रजा घेऊन जायचे कुठे? अंत्ययात्रा तिने मोबाइलवर पाहिली. दुसऱ्या दिवशी विहारात गेली. तिथे १९६१ साली पंजाबातून आलेले एक वृद्ध गृहस्थ तिच्याजवळ बसले. १९६२ च्या कायद्याआधी राष्ट्रकुलातल्या माणसाला इथे येऊन राहायला व्हिसा लागत नसे. ते म्हणाले, "बेटी, आम्हाला जायला कोणी अडवत नव्हतं. माझी आई गेली तेव्हा भाड्याला पैसे नव्हते. आणि पत्र तीन आठवड्यांनी आलं."

इकडे जलदान विधीला सगळे गोळा झाले. माझी मोठी बहीण, म्हणजे लेकीची आत्या, चारचौघांत म्हणाली, "एवढी मोठी नर्स झाली, अन् आजीच्या मातीले नाही आली पोट्टी? पासपोर्ट तर आहे न तिच्याजवळ!" मी सांगू लागलो, पण दुःखाच्या घरात कलमे कोण ऐकतो? आजूबाजूच्या माना हलल्या. हे बोलणे फिरत फिरत वुल्व्हरहॅम्प्टनला पोचले आणि लेक दोन दिवस नीट जेवली नाही, असे जावई म्हणाले. आपल्या किती वस्त्यांतली मुले आज बाहेर आहेत! न आलेल्या लेकराबद्दल बोलण्याआधी त्याचा कोणता कागद कुठे अडकला आहे ते विचारावे. घरात कार्य ठरवायचे असेल तर त्याचा अर्ज केव्हा जायचा आहे ते आधी विचारावे. ते अर्जाआधी येऊ शकते, किंवा निकालानंतर. मधे नाही.

प्रत्येक देशाची रीत वेगळी. अमेरिकेत ग्रीन कार्डाचा अर्ज तिथेच राहून केला असेल, तर 'ॲडव्हान्स पॅरोल' नावाची परवानगी हातात आल्याशिवाय बाहेर गेले की साधारणपणे अर्ज सोडला असे मानतात. एच-वन आणि एल-वन व्हिसावाल्यांना सवलत आहे, पण त्यांचा तो दर्जा चालू असावा लागतो. कॅनडात केवळ बाहेर गेल्याने अर्ज आपोआप रद्द होत नाही, मात्र परत शिरायला वैध व्हिसा लागतो. इंग्लंडच्या सरकारने तर मे २०२५ मध्ये पाच वर्षांची अट दहावर नेण्याचा प्रस्ताव मांडला. तेव्हा आमच्या लेकीच्या वेळचे नियम धरून कोणी तिकीट काढू नये, त्या दिवशीचे पाहावेत.

निकाल फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ई-मेलने आला. ना कार्ड, ना शिक्का, सगळे संगणकावर. सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिले तर हीसुद्धा परवानगी जाते. एप्रिलमध्ये तीन आठवड्यांची रजा घेऊन लेक नागपूरला आली. घरी आजीच्या फोटोपाशी बराच वेळ बसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपण होऊन आत्याकडे गेली. आत्याने तो कागद दाखव म्हटले. तिने मोबाइल पुढे केला. आत्याने चश्मा लावला, मोबाइल उलटासुलटा करून पाहिला, "याच्यावर तर शिक्काबी नाही" म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.