बाबेलच्या नद्या

परवा एका लग्नात डीजेने बोनी एमचं 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' लावलं आणि सगळा हॉल नाचायला उठला. माझे पाय काही उठले नाहीत. हे गाणं लागलं की मला रेवदंड्याची आमची ओटी दिसते आणि तिथे मोड आलेले वाल सोलत बसलेल्या शेजारच्या मावशी.

मावशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातल्या. आमच्याकडे बाजारातून भरून आणलेली कॅसेट होती. गाणं सुरू झालं आणि त्यांचा हात थांबला. "हे तर आमच्या स्तोत्रांतलं," त्या म्हणाल्या. जेरुसलेम पडलं, माणसं बाबेलला ओढून नेली, ती नदीकाठी रडत बसली, वीणा झाडांना टांगल्या, आणि पकडून नेणारेच वर म्हणाले, तुमचं गाणं म्हणा. एवढं सांगून म्हणाल्या, "परत लाव."

ते वाल बिरड्याच्या सणाचे होते. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास बिरडं खाऊन सोडायचा, ही कोकणातल्या बेने इस्रायलांची रीत. आनंदाचं म्हणून लावलेलं गाणं नेमकं त्याच दुःखाचं निघालं.

ते बोनी एमचंही नव्हे. १९७० साली जमैकात मेलोडियन्स या गायकगटाच्या ब्रेंट डो आणि ट्रेव्हर मॅकनॉटन यांनी १३७व्या स्तोत्रावरून ते बांधलं. दोघांची श्रद्धा रस्ताफारी, म्हणजे जमैकातल्या काळ्या लोकांच्या पंथाची. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचं दुःख त्यांना त्या स्तोत्रात सापडलं. १९७८ साली बोनी एमने रस्ताफारींचे खास शब्द काढून टाकले आणि गाणं जगभर गाजलं. त्याचा मला अजून राग येतो. आमच्या कॅसेटवर त्या दोघांची नावंही नव्हती.

पुढे मावशी इस्रायलला गेल्या. त्यांचा भाऊ आधीच तिकडे होता. त्याने सोसलेलं त्या दबक्या आवाजात सांगत: तिथले काही धर्मगुरू बेने इस्रायलांची लग्नं लावायला तयार नव्हते. माणसं निदर्शनाला बसली, तेव्हा कुठे १९६४ साली ते पूर्ण यहुदी असल्याचं मान्य झालं. ज्या भूमीसाठी दोन हजार वर्षं उपास धरले, तिनेच दारात उभं करून ओळख विचारली. मावशींची पत्रं मराठीतच यायची. एकदा लिहिलं होतं, इथे मोशेचं मराठी कीर्तन झालं, आणि बायका रडल्या त्या अलिबागच्या आठवणीने.

मोठेपणी मी ते स्तोत्र मुळातून वाचलं. त्याचा शेवट जमैकाच्या गाण्यात नाही, बोनी एमच्या गाण्यातही नाही. नदीकाठी रडणारी तीच माणसं शेवटी सूड मागतात, आणि तो शत्रूच्या तान्ह्या लेकरांवर. मावशींनी गोष्ट सांगताना एवढंच गाळलं होतं. उपासाच्या दिवशी स्तोत्र म्हणताना ती ओळ आली की त्या ती मोठ्याने म्हणत असतील का, हे मला त्यांना विचारायचं होतं.