कोणाच्या हातचं

१४ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसलेल्या मनोज जरांगे पाटलांनी तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हातचा रस घेतला आणि सतराव्या दिवशी त्यांचं उपोषण सुटलं. पुढचं राजकारण राजकारणाच्या जागी. नजर अडते ती त्या पेल्यावर. रस काय, गावातल्या कुणीही दिला असता. पण उपोषण कोणाच्या हातून सुटतं याला आपल्याकडे मोल असतं, आणि ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पोटाशी फारसा संबंध नसलेलं काहीतरी त्या घोटात असतं.

ख्रिस्ती उपासनेतल्या प्रभुभोजनातही खाणं-पिणं म्हणाल तर नावापुरतंच. पावाचा नखाएवढा तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट. येशूने अटकेच्या रात्री शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या जेवणाची ही आठवण. पाळकसाहेब प्रार्थना म्हणतात, भाकर मोडतात, मंडळी रांगेने पुढे येते. काही चर्चमध्ये सगळ्यांना एकच प्याला, काही ठिकाणी ट्रेमध्ये मांडलेले इवले पेले. द्राक्षं महाग असली किंवा हंगाम नसला, तर मनुका भिजत घालून, उकळून, गाळून घेतलेला रसही चालतो.

त्या भाकरीचं खरोखर ख्रिस्तशरीर होतं की ती केवळ खूण, यावर युरोपने शतकं खर्च केली. १५२९ साली मारबुर्गच्या किल्ल्यात ल्यूथर आणि झ्विंगली हे दोन प्रॉटेस्टंट धर्मसुधारक याच मुद्द्यावर अडले आणि वेगळ्या वाटेने गेले. मराठी मुलखात मात्र पहिला प्रश्न वेगळाच उभा राहिला. भाकरीत काय आहे ते मागाहून पाहू. ती आपल्या आधी कोणी हातात घेतली?

हा प्रश्न किती जिवावरचा होता, ते शेषाद्री बंधूंकडे पाहून कळतं. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. धाकटा श्रीपतही मिशनऱ्यांच्या घरी गेला होता. वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि मुलगा परत मिळवला. पण कोर्टाने घरी धाडलेला मुलगा पंगतीत कसा घ्यायचा? त्याचा बाप्तिस्मा झालाच नव्हता. अडचण होती ती परक्या घरातल्या अन्नपाण्याची. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला शुद्ध करून घेण्याची बाजू उचलून धरली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एका बारा वर्षांच्या पोराच्या जेवणावरून मुंबईतला ब्राह्मणसमाज दुभंगला.

थोरला भाऊ पुढे स्कॉटिश मिशनचा पाळक होऊन जालन्याला आला. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्याने जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. तिथे येणाऱ्यांत मांग आणि महार कुटुंबं मोठ्या संख्येनं होती. ज्या हाताच्या स्पर्शाने पाणी विटाळतं असं या पाळकाला लहानपणी शिकवलं गेलं, त्याच हातांवर तो भाकर ठेवत होता. रेव्हरंड शेषाद्रींच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं प्रवचन हेच असावं. त्यासाठी तोंड उघडावंही लागलं नाही.

याच टापूत, गोदाकाठच्या पैठणात, एकनाथांच्या श्राद्धाच्या स्वयंपाकाची कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते: ब्राह्मणांसाठी रांधलेलं अन्न नाथांनी भुकेल्या महारांना वाढलं. पंढरीचा सोहळाही काल्याशिवाय पुरा होत नाही. त्यामुळे देव एका ताटात भेटतो ही कल्पना इथल्या माणसाला परकी नव्हती. रोजच्या जेवणात ती उतरवणं जड जात होतं. पुढे ख्रिस्ती झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात आपल्या सोवळ्याची गोष्ट ज्या मिश्कील प्रांजळपणाने सांगितली आहे, ती या बाबतीत धर्मशास्त्राच्या जाड ग्रंथाहून उपयोगी.

आणि चर्चचे हात तरी कुठे स्वच्छ? प्रभुभोजनाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे, आणि तो चक्क रागावून केलेला आहे: सधन लोक आधीच जेवून मोकळे होतात, गरीब उपाशी राहतात. दक्षिण भारतात तर वेगवेगळ्या जातींचे ख्रिस्ती वेगळे बसत, विधीला वेगळे येत. १८३३ मध्ये बिशप डॅनिएल विल्सन यांनी हे बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा कित्येकांनी चर्चकडेच पाठ फिरवली.

पंथांचंही तेच. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट वगैरे सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. मराठवाड्याचा धर्मप्रांत त्याचाच. कॅथलिक त्यात नाहीत. लग्नात, नाताळात दोन्हीकडची माणसं एकाच टेबलावर बिर्याणी खातात; पण कॅथलिकांच्या उपासनेत, म्हणजे मिस्सामध्ये, प्रभुभोजनाची वेळ झाली, की प्रॉटेस्टंट व्याही सहसा बाकावरच बसून राहतो, कारण कॅथलिक नियमाप्रमाणे ती भाकर अजून त्याच्यासाठी नाही.