आजी, मी आणि प्रीअँप

माझं मराठी म्हणजे कॉन्व्हेंटचं! त्यामुळे जात्यावरची ओवी म्हणजे नक्की काय, हे मला थर्ड इयरच्या दिवाळीच्या सुट्टीत कळलं. नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये जातं कुठलं? पण आजी गहू निवडता निवडता ओव्या गुणगुणते. हल्ली मधली ओळ विसरते, मग नुसता सूर धरून ठेवते. म्हटलं, हे आत्ताच रेकॉर्ड करायला हवं.

माझ्याकडे बाबांचा जुना एसएम५८ हा डायनॅमिक माईक आणि एक स्वस्तातला ऑडिओ इंटरफेस. गेन शेवटपर्यंत फिरवला, तरी आजी लांबच आणि वरून सर्रर्र... गाण्यापेक्षा स्टोव्हच जास्त! हिशोब केला. ९४ डेसिबलच्या आवाजाला हा माईक जेमतेम १.८५ मिलिव्होल्ट देतो. आजीचा आवाज साठ-पासष्टचा, म्हणजे त्याचाही तिसावा ते पन्नासावा भाग. अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल फुकट मिळतात, पण माईक तोंडाशी नेला की आजी गप्प. "मी काय भाषण करतेय का गं?"

रूममेट म्हणाली, कंडेन्सर घे, त्याचं आउटपुट जास्त. खरं आहे. पण बाबांचा माईक मला सोडवेना.

मग बाहेरचा प्रीअँप. फ्रिसचं सूत्र पेपरपुरतं पाठ करून विसरले होते : साखळीतल्या पहिल्या अँप्लिफायरचा नॉइजच सगळ्यात जास्त भोवतो. म्हणजे पैसे घालायचे ते पहिल्या पायरीवर. मोठा प्रीअँप घेतला तर तो लाइन इनपुटलाच जोडायचा; माईक इनपुटला जोडला की जुना प्रीअँप पुन्हा वाटेत आलाच! पण ट्यूशन घेऊन साठवलेले पैसे तेवढे नव्हते. शेवटी माईक आणि इंटरफेसच्या मध्ये बसणारी एक छोटी डबी घेतली. इंटरफेसच्या ४८ व्होल्ट फँटम पॉवरवर चालते, २५ डेसिबल वाढवते.

सर्रर्र बरीच कमी झाली. पण आजी आणि पंखा यांतला फरक प्रीअँपला थोडाच कळतो? पंखा बंद केला. बोगद्याकडचे हॉर्न थांबेपर्यंत रात्री अकरापर्यंत जागलो. आजी मांडीवर ताट घेऊन बसली आणि सोळा ओव्या म्हणाली. सतरावीला अडली.

हेडफोन लावून ऐकवलं, तर म्हणाली, "ही बांगडी कुणाची गं वाजतेय?"

तिचीच होती. पुढच्या वेळी काढून ठेवते म्हणाली. मी नको म्हटलं.